भिंतीपलीकडचा शेजारी : कुवेतच्या तेलपट्ट्यातून घ्यावयाचा धडा

१९९१ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीतील रात्री ज्यांनी इस्रायलमध्ये काढल्या, त्यांना त्या विसरणे शक्य नाही. भोंगा वाजला की मुलाबाळांना घेऊन ‘हेदेर आतूम’मध्ये, म्हणजे बंदिस्त केलेल्या खोलीत शिरावयाचे. खिडक्यांवर प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने आधीच लावलेला असे. दार ओढून घेतले की खालच्या फटीत खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजविलेले फडके कोंबावयाचे, तोंडावर मुखवटा चढवावयाचा आणि रेडिओला कान लावून बसावयाचे. विषारी वायूची भीती सर्वांच्या मनात होती. सुदैवाने तो वायू आला नाही. परंतु त्या रात्रींची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. भीती होती, पण काय करावे हे घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक होते. कारण मुखवट्यांचे वाटप १९९० च्या ऑक्टोबरपासूनच सुरू झाले होते आणि सूचना संकट येण्यापूर्वीच घरोघरी पोहोचल्या होत्या.

ते युद्ध ज्या देशावरून पेटले, तो देश म्हणजे कुवेत. माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने तेथील सहाशेहून अधिक तेलविहिरींना आगी लावल्या आणि त्यांतील शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी विझविण्यात आली, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र युद्ध हा नाही. शांततेच्या काळात, नित्याच्या कामकाजात, घराच्या मागील भिंतीपलीकडे जो धोका मुकाट्याने उभा असतो, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. आकाशातून येणाऱ्या संकटाची माहिती आपणांस आधी दिली जाते. मग शेजारच्या कारखान्याची का दिली जाऊ नये?

तेलाच्या सावलीतील वस्ती

कुवेतमधील बुर्गान येथे १९३८ साली तेल सापडले आणि ३० जून १९४६ रोजी त्या देशातून तेलाचे पहिले जहाज परदेशी रवाना झाले. तेलाच्या कामासाठी अहमदी हे नवे गाव वसले. राजधानीच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्याला धरून पुढे एकामागून एक कारखाने उभे राहिले : मीना अल-अहमदीचा तेलशुद्धीकरण कारखाना, त्याच्या दक्षिणेस शुऐबाचे औद्योगिक क्षेत्र, त्यापुढे मीना अब्दुल्ला. शुऐबाचा जुना तेलशुद्धीकरण कारखाना २०१७ साली बंद झाला. परंतु रसायनांचे इतर कारखाने, टाक्या, नळवाहिन्या आणि धक्के त्या पट्ट्यात आहेतच. मीना अल-अहमदी व मीना अब्दुल्ला हे दोन कारखाने मिळून दररोज सुमारे आठ लाख पिंपे तेल शुद्ध करू शकतात.

या कारखान्यांच्या कुंपणाला लागूनच माणसे राहतात. फहाहील व मंगफ या दाट वस्त्यांत परदेशी कामगार व नोकरदार मोठ्या संख्येने आहेत. शुऐबाजवळची अली सबाह अल-सालेम ही कुवेती नागरिकांची वस्ती असून, हवेच्या प्रदूषणाविषयी तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. कुवेतच्या एकूण लोकसंख्येत परदेशी माणसे सुमारे दोन-तृतीयांश भरतात आणि त्यांत भारतीयांचा समुदाय सर्वांत मोठा आहे. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील किती तरी गावांतून माणसे आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेली. ज्यांच्या अंगणाला आपले अंगण लागून होते, ज्यांच्या विहिरीवर आपल्या आज्या पाणी भरीत, अशी ती घरे. आपण एका दिशेला आलो, ते दुसऱ्या दिशेला गेले. तेव्हा कुवेतच्या त्या पट्ट्यात घडते ते आपणांस अगदीच परके नाही.

तीन तारखा

२५ जून २००० रोजी पहाटे मीना अल-अहमदीच्या कारखान्यात वायूची गळती होऊन प्रचंड स्फोट झाला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले आणि सुमारे पन्नास जखमी झाले. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी याच कारखान्यात गंधक काढून टाकणाऱ्या एका विभागात आग लागली. फहाहीलच्या रहिवाशांनी मोठा धडाका ऐकला व धुराचे लोट पाहिले. काही कामगारांना धुरामुळे त्रास झाला. १४ जानेवारी २०२२ रोजी तेथेच वायू द्रवरूप करणाऱ्या विभागात देखभालीचे काम चालू असताना आग लागली. या वेळी दोन कामगार प्राणास मुकले. ते दोघेही भारतीय होते.

यांतील २०२१ च्या आगीच्या वेळी जी पहिली निवेदने निघाली, त्यांत आग आटोक्यात आणली जात असल्याचे आणि तेलशुद्धीकरण व निर्यात यांवर परिणाम झाला नसल्याचे सांगण्यात आले. हे सांगणे आवश्यकच होते, कारण तेलाचा ग्राहक साऱ्या जगभर आहे. परंतु फहाहीलमधील तिसऱ्या मजल्यावरच्या गृहिणीचा प्रश्न निराळा असतो. निर्यात चालू आहे की नाही, हे तिला नको असते. खिडकी लावू की उघडू? वातानुकूलन यंत्र चालू ठेवू की बंद करू? मुले शाळेत आहेत, त्यांना आणावयास जाऊ की घरीच थांबू? हा धूर नुसता काळा आहे की विषारी? या प्रश्नांची उत्तरे आग लागल्यावर शोधू म्हटले तर वेळ उरत नाही. ती आधीच घरातल्या भिंतीवर लावलेली असावी लागतात.

नाकावर विसंबू नये

आधी सांगणे का आवश्यक आहे, हे वायूंचे स्वभाव पाहिले म्हणजे स्पष्ट होते. खनिज तेलात व नैसर्गिक वायूत गंधक असते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे शंभर भाग झाले की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती मंदावते. माणसाला वाटते की वास गेला, म्हणजे संकट टळले. वस्तुतः ते वाढलेले असते. प्रमाण पाचशे ते हजार भागांपर्यंत गेल्यास माणूस अल्पावधीत बेशुद्ध होतो. म्हणूनच तेलक्षेत्रात काम करणारा माणूस नाकावर नव्हे, तर अंगावर लावलेल्या मापकयंत्रावर विश्वास ठेवतो आणि वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या उंच कापडी नळीकडे पाहून पळण्याची वाट ठरवितो. कुंपणाच्या आतील कामगाराला हे शिकविलेले असते. कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्याला ते कोण शिकविणार?

प्रत्येक वायूचे वागणे निराळे. हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन आणि स्वयंपाकाचा सिलिंडरमधील वायू हे हवेपेक्षा जड असून जमिनीलगत, खोलगट जागेत व तळघरात साचतात. अमोनिया मूळचा हलका. पण थंड द्रवरूपातून एकदम बाहेर पडला तर त्याचाही ढग जमिनीलगत पसरतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाकातोंडावर ओले फडके धरल्याने काही वेळ तरी निभावते. तेव्हा ‘धोका आहे, सावध राहा’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणता पदार्थ आहे, हे कळल्याशिवाय सावध कसे राहावे तेच कळत नाही.

न सांगण्याची किंमत

ही किंमत मुंबईने फार पूर्वी मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात तेराशेहून अधिक टन स्फोटके आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावावयाचे लाल निशाण त्यावर नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला; पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी झाला. मध्यंतरी दोन तास होते. मांडवी, मशीद बंदर, उमरखाडी या वस्त्या, जेथे आपल्या समाजाची जुनी घरे होती, गोदीपासून फार दूर नव्हत्या. परंतु त्या दोन तासांत गोदीबाहेरच्या माणसांना कोणी सावध केले नाही. आग विझविताना अग्निशामक दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. मृतांची एकूण संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. आजही भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो याच जवानांच्या स्मरणार्थ.

पुढे १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेवेसो गावाजवळच्या कारखान्यातून डायॉक्सिन या अत्यंत विषारी द्रव्याचा ढग बाहेर पडला. तेथील रहिवाशांना घराबाहेर काढण्यास सुमारे दोन आठवडे लागले. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये तर कळस झाला. सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट वायू झोपलेल्या शहरावर पसरला. कारखान्याचा बाहेरच्या लोकांसाठी असलेला भोंगा सुरू झाला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. पुन्हा वाजला तेव्हा फार उशीर झाला होता. लोक घाबरून धावू लागले. पुष्कळ जण वारा ज्या दिशेने वायू नेत होता, त्याच दिशेने धावले. तोंडावर ओले फडके घेऊन वाऱ्याच्या आडव्या दिशेने जावे, एवढे वाक्य जर त्या वस्त्यांना आधी सांगितलेले असते, तर किती जीव वाचले असते! हजारो माणसे गेली, ती नुसत्या वायूमुळे नव्हे. अज्ञानाने त्या वायूला हात दिला.

या दुर्घटनांतून कायदे जन्मास आले. युरोपीय देशांनी १९८२ साली सेवेसोच्या नावाने ओळखला जाणारा नियम केला. संभाव्य अपघाताची झळ ज्यांना लागू शकते, त्यांना सुरक्षिततेचे उपाय आधी कळविलेच पाहिजेत, असे बंधन त्यात घातले. १९८८ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कारखाना, स्थानिक अधिकारी व रहिवासी या तिघांनी एकत्र बसून आपत्काळाची तयारी करावी अशी ‘अपेल’ नावाची योजना मांडली. भारतात १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन माहिती देणे सक्तीचे झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी तर कारखान्याबाहेरील लोकांना धोक्याचे स्वरूप आणि ‘काय करावे, काय करू नये’ हे कळविण्याची जबाबदारी स्पष्टपणे ठरविली. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा घेणेही सांगितले.

भोंग्याची भाषा

कायदा झाला, पत्रक छापले, तरी एक अडचण उरते. आणि स्थलांतर करून आलेल्या आपणांस ती सर्वांआधी समजावी. पत्रक कोणत्या भाषेत आहे? बोटीतून वा विमानातून उतरल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी हिब्रू अक्षरांतील सरकारी कागद हातात धरून शेजारच्या मुलाकडून वाचून घेतल्याच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. कुवेतमध्ये आज मल्याळी, बंगाली, तेलुगू, उर्दू, तागालोग, हिंदी आणि मराठीही बोलणारा माणूस राहतो. अरबीत व इंग्रजीत लिहिलेली सूचना त्यांतील कित्येकांच्या दृष्टीने कोऱ्या कागदाइतकीच मुकी. १२ जून २०२४ रोजी मंगफमधील कामगारांच्या इमारतीला आग लागून सुमारे पन्नास माणसे गेली, त्यांतील बहुतेक भारतीय होती. ती दुर्घटना तेलकारखान्यातील नव्हे. परंतु परक्या देशातील कामगाराला सुटकेची वाट आधी दाखवून ठेवणे किती निकडीचे असते, हे तिने सर्वांना दाखवून दिले.

भोंग्याचेही असेच आहे. कुवेतमध्ये नागरी संरक्षणाच्या भोंग्यांची दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी चाचणी घेण्याचा प्रघात अनेक वर्षांचा. त्याचे तीन सूर ठरलेले : तुटक सूर म्हणजे संकट येऊ घातले आहे, चढउताराचा सूर म्हणजे संकट आले आहे, एकसंध सूर म्हणजे संकट टळले. इस्रायलमध्ये चढउताराचा सूर आपणांस आसऱ्याकडे धाडतो, तर एकसंध सूर स्मृतिदिनी आपणांस स्तब्ध उभे करतो. मुंबईत गिरणीचा भोंगा पाळीची वेळ सांगत असे आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत तोच आवाज दिवे मालविण्यास सांगू लागला. म्हणजे आवाजाला स्वतःचा अर्थ नसतो. अर्थ आधी सांगावा लागतो. तो न सांगितलेला भोंगा केवळ घबराट वाढवितो.

शेजाऱ्याने काय विचारावे, काय करावे

घातक पदार्थ बाळगणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या शेजाऱ्याला पाच गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत. तेथे कोणते पदार्थ साठविले आहेत व ते माणसाला काय करतात? अपघात झाल्यास त्याची झळ कोठवर पोहोचू शकते? सूचना कोणत्या खुणेने व कोणत्या भाषेत मिळेल? सूचना मिळताच घरी थांबावयाचे की बाहेर पडावयाचे आणि कोणत्या वाटेने? आणि पाचवी, संकट टळल्याचे कोण व कसे सांगणार? ही उत्तरे एका पानात मावतात. ते पान घराघरात, शाळेत व दवाखान्यात असावे आणि वर्षातून एकदा त्याची तालीम व्हावी.

विषारी वायूच्या गळतीची सूचना मिळाल्यास, वेगळा हुकूम नसेल तर, बहुधा घरात थांबणेच श्रेयस्कर असते. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. बाहेरची हवा आत ओढणारे वातानुकूलन यंत्र व पंखे ताबडतोब बंद करावेत. कुवेतसारख्या उष्ण देशात ही गोष्ट हटकून विसरली जाते. फटींत ओली फडकी घालावीत. वायू जड असेल तर तळघरात न जाता वरच्या मजल्यावरील खोली निवडावी. ज्वालाग्राही वायूची शंका असल्यास काडी ओढू नये, विजेचे बटण दाबू नये. रस्त्यावर सापडल्यास वाऱ्याबरोबर धावू नये. वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला व्हावे. तमाशा पाहण्यास गच्चीवर जाऊ नये. मुलांना आणण्यासाठी शाळेकडे धाव घेऊ नये. शाळेची व्यवस्था शाळा करील, हे आधीच ठरवून घ्यावे. आणि संकट टळल्याची घोषणा झाल्यावर मात्र सर्व दारे-खिडक्या उघडून घरातील हवा बदलावी. मदतीसाठी कुवेतमध्ये व भारतात ११२, तर इस्रायलमध्ये अग्निशामक दलाचा १०२ आणि पिकूद हा-ओरेफचा १०४, हे क्रमांक मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ लिहून ठेवावेत.

आपल्या दारात

हे सारे कुवेतपुरतेच आहे असे कोणी समजू नये. ज्या नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांच्या आगमनाची आठवण जोडलेली आहे, त्याच्या शेजारीच थळ येथे खताचा मोठा कारखाना असून तेथे अमोनिया तयार होतो. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी तेथे झालेल्या स्फोटात तीन जण दगावले. नागोठण्याच्या वायू-रसायन कारखान्यात नोव्हेंबर १९९० मध्ये झालेल्या स्फोटाने तीसहून अधिक बळी घेतले. तेथे आजही आपले आप्त व जुने शेजारी राहतात. इस्रायलमध्ये अश्दोदला तेलशुद्धीकरण कारखाना आहे. बेर-शेवाच्या दक्षिणेस रसायनांचे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. हैफाच्या उपसागराकाठी बारा हजार टन अमोनियाची टाकी वर्षानुवर्षे उभी होती. नगरपालिका व रहिवासी यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१७ साली ती टाकी रिकामी करावी लागली. शेजाऱ्याने विचारलेला प्रश्न कारखान्याच्या भिंतीहून बळकट ठरू शकतो, याचे हे उदाहरण होय.

कारखाने बंद करा, असे कोणाचेही म्हणणे नाही. त्यांच्यावर हजारो चुली पेटतात. खत व तेल नसेल तर आपल्याही घरात अंधार पडेल. परंतु जो शेजारी आपल्या अंगणात वाघ पाळतो, त्याने पिंजऱ्याचे दार कोणत्या बाजूला उघडते एवढे तरी शेजाऱ्यास सांगावयास हवे, आणि शेजाऱ्यानेही ते विचारण्यास संकोच करता कामा नये.

वाचक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. या आठवड्यात आपल्या इमारतीच्या समितीत हा प्रश्न काढा. नगरपालिकेकडून सूचनापत्रक मागवून घ्या. ते मिळाल्यावर, ज्या आजी-आजोबांना अजून हिब्रूपेक्षा मराठीच जवळची वाटते, त्यांच्यासाठी त्याचे चार ओळींत मराठी करून स्वयंपाकघराच्या दारावर लावा. आणि कुवेतमध्ये, थळला, नागोठण्याला कोणी ओळखीचे असेल, तर पुढच्या बोलण्यात खुशाली विचारून झाल्यावर एक प्रश्न आणखी विचारा : ‘भोंगा वाजला तर काय करावयाचे, हे तुम्हांला कोणी सांगितले आहे का?’